डावखुऱ्यांना शिकवत नाही

विणकामाच्या वर्गात हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं असतं. त्यामुळे तिथे स्वेटर कमी आणि किस्से जास्त तयार होतात. आमच्या वर्गातल्या कोणी नुसतं "नलूताई" म्हटलं की बाकीचे एकदम बोलायला लागतात, आणि जो किस्सा सांगायचा असतो तो राहून भलताच निघतो. परवा मी नणंदेला एकच सांगायला बसले, तर तिचा चहा गार झाला आणि मुख्य गोष्ट सांगायची राहिलीच. हसण्यासारखे बरेच आहेत. पण हल्ली ते सांगून झाले की मला जरा वाईटच वाटतं.

नलूताई म्हणजे आमच्या विणकामाच्या बाई. टिळक रोडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. दर शनिवारी दुपारी त्यांच्या बाहेरच्या खोलीत वर्ग भरतो. सत्तरी ओलांडलेली, पूर्वी शाळेत शास्त्र शिकवायच्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना एकच मुलगी, मेधा. ती हडपसरला डेंटिस्ट आहे, नवरा, मुलं, स्वतःचं क्लिनिक, सगळं छान. स्वारगेटला बस पकडली की आई मुलीच्या दारात. तरी दोघींची भेट गणपतीत आणि दिवाळीत. का, असं विचारलं तर नलूताई म्हणायच्या, "ती कामात असते." पुढे विचारायची सोय नसायची.

मी निवृत्त झाले आणि मुलगा सारखा "आई, तो मोबाईल खाली ठेव" म्हणायला लागला, तेव्हा या वर्गाला गेले. पहिल्याच दिवशी बोलून गेले, "ताई, पुण्यात हल्ली थंडी असते तरी कुठे?"

"तुम्ही स्वेटर घालायला आलाय की विणायला?" नलूताई म्हणाल्या.

* * *

त्या दिवशी त्यांनी सुईवर टाके घालायला शिकवलं. लोकरीचा फास करायचा, सुईवर चढवायचा, ओढायचा, की पुढचा. मी इतक्या मनापासून ओढत होते की टाके घालून झाल्यावर दुसरी सुई आत शिरेना. मी जोर लावला तर सुई सटकून शुभदाच्या चहात पडली. शुभदा म्हणजे माझी मैत्रीण, तिनेच मला तिथे नेलं होतं.

नलूताई चष्म्यावरून बघत होत्या. "अहो, लोकर आहे ती. चोर पकडल्यासारखी आवळू नका."

"तुम्ही जरा सैल करून देता का?" म्हणून मी सुया त्यांच्यापुढे धरल्या. त्यांनी दोन्ही हात पटकन मागे घेतले.

"दुसऱ्याच्या सुईला मी हात लावत नाही. तुमचं तुम्ही उसवा आणि तुमचं तुम्ही घाला."

मला वाटलं, बाई खडूस आहेत. मी ते सगळं उसवलं आणि परत घातलं, परत तितकंच घट्ट. चौथ्या शनिवारी कुठे माझी सुई आत गेली, आणि मला नोकरीतल्या प्रमोशनला झाला नसेल इतका आनंद झाला.

* * *

आमच्यात एकच पुरुष, बापट. कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. हात मोडल्यावर बोटांना व्यायाम म्हणून आले आणि टिकले. ते पट्टी आणि पेन्सिल घेऊन यायचे. आम्ही बायका एक सुलट, एक उलट असं पुटपुटत विणायचो, बापट ग्राफ पेपरवर विणायचे.

त्यांनी मफलर विणायला घेतला स्वतःसाठी. सुलट टाक्याला लोकर मागे ठेवायची, उलट टाक्याला पुढे आणायची, हे त्यांना पाठ होतं. पण ती दोन सुयांच्या मधून आणायची असते. बापट सुईवरून आणत होते. त्यामुळे दर वेळी सुईवर एक फुकटचा टाका तयार व्हायचा, आणि बापट प्रामाणिकपणे तोही विणायचे. मफलर लांबीला वाढायच्या आधी रुंदीला वाढायला लागला. त्यांनी आमच्यापुढे तो टेबलावर पसरला तेव्हा स्वच्छ त्रिकोण दिसत होता.

नलूताईंनी बराच वेळ निरखून पाहिलं. "बापट, ही तुमची मान असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या."

बापटांनी तो उसवला नाही. टोक बंद करून घरी नेला. आता त्यांच्या मिसेस तो मिक्सरवर घालतात आणि आल्यागेल्याला सांगतात, "यांनी डिझाइन केलंय."

* * *

नलूताईंचा एक नियम फार कडक. ओळ अर्धी ठेवायची नाही. अर्ध्यात ठेवून उठलं की परत बसल्यावर कुठल्या बाजूला जात होतो ते नवशिक्याला कळत नाही, मग तो आल्या वाटेने परत जातो आणि विणीला मधेच पोट सुटतं. शुभदाच्या स्वेटरला अशी तीन पोटं होती. तेव्हापासून नियम. फोन वाजो, बेल वाजो, आधी ओळ पुरी.

एका शनिवारी शुभदाचा फोन वाजत राहिला. तिने पाहिलंसुद्धा नाही. थोड्या वेळाने दाराची बेल वाजली. बाहेर तिचे यजमान, हातात बॅग, घामाघूम. गावाहून आले होते आणि घराची किल्ली शुभदाच्या पर्समध्ये.

"अगं, फोन का उचलत नाहीस?"

"बसा. ओळ चाललीय."

ते बिचारे बसले. पाठीची ओळ होती, लांबलचक. बापटांनी त्यांना पाणी दिलं. ओळ पुरी झाल्यावर शुभदाने किल्ली काढून दिली. त्यांनी जाताना नलूताईंना नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही हिला पूर्वीच भेटायला हव्या होतात. तीस वर्षांत हिने पहिल्यांदा काहीतरी पूर्ण केलेलं पाहिलं."

* * *

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नलूताईंचा स्वतःचा फोन वाजला. तो टीव्हीजवळ ठेवलेला होता. माझी खुर्ची तिथे, म्हणून मी नाव पाहिलं आणि सांगितलं, "ताई, मेधाचा आहे."

त्यांच्या सुया क्षणभर थांबल्या. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. त्या फोनकडे बघतायत हे आम्हाला दिसत होतं, आणि आम्ही त्यांच्याकडे बघतोय हे त्यांना. आणि नियम बाईंनी स्वतःच केलेला.

"ओळ संपली की लावते," त्या म्हणाल्या आणि विणायला लागल्या. इतकं भराभर विणताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ओळ संपली, त्यांनी फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला. मग परत लावला. मग मेसेज आला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, "पेशंट आहे तिच्याकडे. काही विशेष नव्हतं म्हणतेय."

शुभदाने विचारलं, "नेहमी करते का हो ती शनिवारी?"

"नाही," नलूताई म्हणाल्या. "कधीच करत नाही."

त्या दिवशी घरी जाताना मला फार चुटपुट लागली. मी नुसतं नाव न सांगता फोन नेऊन त्यांच्या कानाला लावायला हवा होता.

* * *

मग ऋतुजा आली. हिंजवडीच्या एका कंपनीत काम करणारी, पंचविशीतली पोरगी. पाठीला सॅक, केस वर बांधलेले, आल्या आल्या "हाय काकू" म्हणाली. तिच्या बहिणीला बाळ होणार होतं आणि हिला त्याच्यासाठी टोपडं विणायचं होतं. "ऑनलाइन मागवणं बोअर आहे," म्हणाली.

नलूताईंनी तिला सुया दिल्या. तिने त्या धरल्या आणि नलूताईंचा चेहरा बदलला.

"डावखुरी आहेस?"

"हो. का?"

"डावखुऱ्यांना मी शिकवत नाही."

मी तोपर्यंत नलूताईंची तिरकस बोलणी पुष्कळ ऐकली होती, पण हे तसं नव्हतं. आवाज अगदी बारीक होता. ऋतुजा मात्र बिलकुल रागावली नाही. "चिल, काकू. मग मी नुसती बसू का? इथवर आलेच आहे. ट्रॅफिक बघितलंत का?"

दिवाण भरलेला, खुर्च्या भरलेल्या. एक स्टूल शिल्लक होतं, तेही नलूताईंच्या अगदी समोर. ऋतुजा त्यावर बसली आणि त्यांच्या हातांकडे बघत राहिली. पुढच्या शनिवारी परत आली, परत तिथेच. त्याच्या पुढच्या शनिवारी तिने सॅकमधून एक पिवळी पट्टी काढली. सरळ, एकसारखी, सुलट बाजू सुलट आणि उलट बाजू उलट. बापट स्वतःचा त्रिकोण आठवून तिच्याकडे बघत असावेत.

"कुणी शिकवलं?" नलूताईंनी विचारलं.

"तुम्हीच की. समोर बसलं की आरसाच होतो ना. तुमचा उजवा तो माझा डावा. सेम टू सेम कॉपी मारली."

नलूताई उठून आत गेल्या. आम्हाला वाटलं चहा टाकायला गेल्या असतील. बऱ्याच वेळाने शुभदा बघायला गेली तर त्या ओट्याला टेकून नुसत्या उभ्या होत्या. त्या दिवशी वर्ग लवकर सुटला.

* * *

हा किस्सा आम्ही कोणाला सांगत नाही, पण तो राहिला तर पुढचं कळणार नाही. पुढच्या शनिवारी आम्ही काही न विचारता नलूताई आपण होऊन बोलल्या. हातातलं विणकाम चालूच होतं.

"मेधा डावखुरी. लिहायची ती डाव्या हातानेच, तिथे मी हरले. म्हटलं, निदान विणकाम तरी सरळ हाताने शिकू दे. ह्याच दिवाणावर माझ्या शेजारी बसायची. तिने डाव्या हातात सुई धरली की मी काढून घ्यायची आणि उजव्यात द्यायची. एकदा तिने माझ्या नकळत, स्वतःच काहीतरी जुळवून भावलीसाठी मफलर विणला. नाचत दाखवायला आणला. तेव्हाही वर्ग चालू होता, बायका बसल्या होत्या. मी म्हटलं, हे उलटं आहे. आणि तिच्यासमोर उसवला. गुंडा करून तिच्या हातात दिला, म्हटलं, आता नीट कर."

"मग?" शुभदाने विचारलं.

"मग काय. तिने गुंडा टेबलावर ठेवला आणि खेळायला गेली. रडलीसुद्धा नाही. त्यानंतर तिने मला काही म्हणून दाखवायला आणलं नाही. प्रगतीपुस्तकावर सहीसुद्धा वडिलांची घ्यायची. आणि उपाय काय होता, तर समोर बसवायचं. एवढंच. प्रकाशाचं परावर्तन शिकवायचे हो मी वर्गात. आरसा घेऊन जायचे."

बापट म्हणाले, "ताई, त्या काळात सगळेच..."

"सगळ्यांचं राहू द्या. मफलर मी उसवला," नलूताई म्हणाल्या.

त्यांना हात मागे घेण्याची सवय कुठून लागली ते तेव्हा मला समजलं. मी त्यांना खडूस म्हटलं होतं मनातल्या मनात.

* * *

यानंतर नलूताईंनी जे केलं ते ऐकून माझा मुलगा म्हणाला, "तुमच्या बाई भारी आहेत." त्या स्वतः डाव्या हाताने विणायला शिकायला बसल्या. ऋतुजाच्या शेजारी स्टुलावर, कारण समोर बसलं असतं तर आरशात परत उजवाच हात झाला असता. जाड सुया, लाल लोकर, अगदी पहिल्या दिवशीच्या नवशिक्याला देतात तशी. उभ्या पेठेला स्वेटर विणून घालणाऱ्या बाईंना साधा टाका घालता येईना. डावा हात ऐकेचना. सुई वाकडी जायची, लोकर बोटावरून घसरायची, चार टाके व्हायचे आणि तीन गळायचे.

"काकू, रिलॅक्स. खांदे खाली," ऋतुजा सांगायची.

"खांदे खालीच आहेत. वय झालंय, जातायत कुठे वर!"

एकदा त्या इतक्या वैतागल्या की सुया टेबलावर आपटून म्हणाल्या, "मला नाही जमत. हा हात माझा नाहीच." जरा वेळाने त्यांनी सुया परत उचलल्या. "सहा वर्षांची होती हो ती," एवढंच बोलल्या.

* * *

आता प्रश्न होता मेधाला सांगायचा. इथे आमचं सगळ्यांचंच अडलं. माफी मागण्याची आपल्याकडे पद्धत नाही. फार तर आपण "असो" म्हणतो. मी सुचवलं, फोन करा. त्यांनी केला. आम्ही सगळे ऐकत होतो, म्हणजे ऐकत नाही असं दाखवत होतो.

"मेधा, जेवलीस का? ... बरं. मुलं? ... बरं. ... नाही गं, सहजच. ... हो. ... ठेवते."

"झालं?" शुभदा म्हणाली.

"विषय निघाला नाही."

दिवाळीत मेधा आली, तेव्हा तरी बोलतील असं आम्हाला वाटलं. नंतर कळलं, नलूताईंनी चकल्या कशा बिघडल्या ते सांगितलं, पाणी कोणत्या वेळी येतं ते सांगितलं, आणि मेधा निघाली तेव्हा जिन्यापर्यंत जाऊन "सावकाश जा" म्हणाल्या. डाव्या हाताने विणलेली लाल पट्टी कपाटातच राहिली. "तिला घाई होती," नलूताई म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "मलाच भीती वाटली."

* * *

आणि मग त्यांची दाढ दुखायला लागली.

मुलगी डेंटिस्ट असताना आई दात दाखवायला पेठेतल्याच एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे जायची, हेही आम्हाला तेव्हाच समजलं. शुभदा म्हणाली, "ताई, दाढ आहे. याच्याहून चांगलं निमित्त मिळायचं नाही." गाल सुजलेला, त्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही. सोबत म्हणून मी गेले.

स्वारगेटहून बस मिळाली, आणि पुढे हडपसरपर्यंत इतकी अडकत गेली की नलूताईंना तालमीला भरपूर वेळ मिळाला. वाक्य तयार होतं. "मेधा, तेव्हा मी तुला समोर बसवायला हवं होतं." त्या ते पुन्हा पुन्हा हळू आवाजात म्हणून बघत होत्या. मधेच मला विचारलं, "आधी बोलू की आधी दाढ दाखवू?"

"आधी बोला," मी म्हटलं.

क्लिनिक लहानसं आणि स्वच्छ होतं. मेधा दारात आली, मास्क लावलेला, आईचा गाल बघून तिच्या कपाळाला आठी पडली. "केव्हापासून दुखतंय? आणि मला आज सांगतेस?" तिने आईला खुर्चीत बसवलं. मला बाजूला स्टूल दिलं, आईची पर्स माझ्या मांडीवर.

"मेधा, मला तुझ्याशी जरा..."

"आधी तोंड उघड, मग बोल. मोठं कर. अजून."

मेधाची सगळी हत्यारं खुर्चीच्या भलत्या बाजूला मांडलेली होती. दिवा, ट्रे, पाण्याची नळी, सगळं तिने आपल्या हाताला येईल असं बसवून घेतलं होतं. डाव्या हाताने तिने भुलेचं इंजेक्शन दिलं, ते इतकं हलकं की नलूताईंची पापणी हलली नाही. त्यांची नजर त्या हातावरच होती. नंतर बराच वेळ काम चाललं. त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी येत होतं. मेधाने दोनदा विचारलं, "दुखतंय का?" त्यांनी मानेने नाही म्हटलं.

काम झालं. नलूताई उठून बसल्या आणि बोलायला गेल्या. अर्धं तोंड बधिर. बसमध्ये इतकं घोटलेलं वाक्य, त्यातला एक शब्द धड बाहेर पडेना. नुसता आवाज आला आणि हनुवटीवर पाणी ओघळलं. मेधाने नॅपकिनने ते पुसलं. "आत्ता बोलू नकोस. दोन तास असंच राहील."

त्यांनी माझ्याकडे बघून पर्सकडे बोट केलं. मी उघडली. आत लाल पट्टी होती, सुया तशाच अडकवलेल्या. मी ती त्यांच्या हातात दिली, त्यांनी मेधाच्या.

मेधाने ती दिव्याखाली धरली. उलटून पाहिली, परत सुलटी केली. बोट फिरवलं. "हे काय? कोणी विणलंय? पहिल्यांदाच विणलेलं दिसतंय कोणीतरी."

नलूताईंनी डावा हात वर केला.

मेधा तशीच उभी राहिली. मास्क होता, त्यामुळे मला फक्त तिचे डोळे दिसत होते, आणि ते पट्टीवरून हलले नाहीत.

"कड सुटलीय सगळी," ती म्हणाली. "माझंही असंच व्हायचं."

आणि तिने बाहेरच्या पेशंटला जरा थांबायला सांगितलं.